मदत हवी आहे: आवडती नोकरी सोडून चाकणला जावं का?

नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीत आहे. हातात ३८ हजार. साहेब चांगले, घर दहा मिनिटांवर, दुपारी गरम जेवायला घरी येतो (हे सुख छोटं नाही!). चाकणहून ५२ हजारांची ऑफर आलीये. खोली, मेस, दर शनिवारची एसटी धरली तर १३ हजार तिकडेच जाणार, म्हणजे इथल्यापेक्षा हजारच जास्त उरणार. मोह पगाराचा नाहीच, तिथे सीएमएम (पार्टची अचूक मापं घेणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) शिकायला मिळेल. इथे अजून व्हर्नियर नि मायक्रोमीटर, म्हणजे हातानं मापायची साधनंच.

साहेबांशी बोललो, ते म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरलीत, तो प्रश्न नाही. बायकोची नोकरी इथलीच, घर हलणार नाही. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

सीएमएमचा दोनेक वर्षांचा अनुभव घेऊन नाशिकला परत आलेलं कुणी आहे का? इथे त्याचा पगारात खरंच फरक पडला का?