पुन्हा: गणपती वर्गणी (आईच्या खात्यातून ₹40,000 गेले)

मंडळी, वर्गणीच्या मेलमध्येच घुसतोय, माफी. मी अजून दादरला, आईकडेच आहे. आईच्या खात्यातून रात्री 11:57 ला दोनदा दहा-दहा हजार, 12:04 ला पुन्हा दोनदा. कल्याणचं एटीएम. तारीख बदलली की नवं लिमिट! कार्ड आईच्या बटव्यातच होतं. एसएमएस आले माझ्या जुन्या सिमवर, ते तिकडे माझ्या घरी ड्रॉवरमध्ये. पासबुक भरलं तेव्हा, नवव्या दिवशी कळलं. शाखा म्हणते, तीन दिवस उलटले, शिवाय पिन टाकूनच पैसे निघालेत.
– दादरकर

उशीर झाला तर बँक रोज 100 रुपये देते. आमच्या काकांना मिळालेत.
– मुलुंडकर

काकांचं प्रकरण वेगळं. खात्यातून वजा झाले आणि नोटा आल्याच नाहीत, तर पाच दिवसांनंतर रोज 100. इथे नोटा आल्या, चोराच्या हातात.
दादरकर, रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काढ. तिसऱ्याच कुणी लुबाडलं तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तोशीस शून्य, 4 ते 7 दिवसांत नेहमीच्या बचत खात्याला फार तर ₹10,000, पुढे बँकेचं धोरण. सिम ड्रॉवरमध्ये होतं हे ते तुझ्यावरच ढकलणार. म्हणून दिवस मोजत बसू नकोस. त्रुटी बँकेची असेल तर कधी कळवलं याला महत्त्वच नाही, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करायचा भारही बँकेवरच. लेखी माग: यंत्राने चिप वाचली की काळी पट्टी? पट्टी असेल तर कार्डाची नक्कल झाली असणार. पिन छुप्या कॅमेऱ्यानेही टिपतात. चारही वेळांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असंही लिही.
– गिरगावकर

पण काकूंच्या खात्याला तुझा नंबर कशाला? रोज सकाळी सुविचार पाठवतात, एसएमएस वाचता येत नाहीत होय?
– पार्लेकर

विषय बदला हो! दोघांनी मला फोन करून विचारलं, मंडळाचे चाळीस हजार गेले का.
– खजिनदार

पार्लेकर, ओटीपी कुणाला सांगेल म्हणून माझा दिला. हुशारी अंगलट आली. आज नंबर बदलला, कार्ड बंद, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवरही तक्रार केली. शाखेतले आधी एफआयआर आणा म्हणत होते, परिपत्रकात तशी अट दाखवा म्हटलं, मग पोचेवर शिक्का मारला. 30 दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. खजिनदार, माझी वर्गणी आलो की रोख देतो.
– दादरकर