पीजीत स्वयंपाकाची सोय नाही, इंटर्नल्स (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा) तोंडावर आल्यात. खायचं काय आणि कधी?

जांबोटीची पोर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. बेळगावात टिळकवाडीत पीजीत राहते. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, कॉम्प्युटर सायन्स.

कॉलेजची बस साडेसातला गाठावी लागते आणि पीजीत नाष्टा होतो आठला. त्यामुळे सकाळी चहा आणि दोन-चार बिस्किटं, एवढंच. दुपारच्या डब्यात दोन चपात्या, बटाटा नाहीतर कोबी, भात आणि सांबार. दोनला लॅब असते, तिथं कोड टाइप करता करता डोळे मिटायला लागतात. पाचला उतरलं की भूक अशी लागलेली असते की कोपऱ्यावरच्या गाड्यावर गोबी मंचुरी नाहीतर वडापाव होतोच. रात्री साडेआठला जेवण, पुढं दीड-दोनपर्यंत अभ्यास, त्यात बाराला मॅगी आणि परत चहा.

या सेमला केस फार गळायला लागलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासला जिना चढताना दम लागतो. आई म्हणते, बस फुकट आहे, रोज घरी येऊन जा. पण जाण्यायेण्यातच संध्याकाळ संपते आणि लॅबचं रेकॉर्ड लिहायचं राहतं.

रूमवर फक्त इलेक्ट्रिक केटल चालते. फ्रिज सगळ्यांचा मिळून एक. महिन्याला वरखर्चाला हजार-बाराशे काढू शकते. अंडी, मासे खाते, सोमवार सोडून. प्रोटीन पावडरचे डबे मैत्रिणी सुचवतात, ते परवडणार नाहीत. कुणी असंच शिकलं असेल तर नेमकं काय करत होता ते सांगा प्लीज.

नेहरूनगरवाला

मी पण पीजीतच शिकलो. दोन गोष्टी कर. रात्री झोपताना केटलमध्ये दोन अंडी उकडून ठेव, सकाळी बसमध्ये सोलून खा, सोबत केळं. आणि पीजीत जी अक्का स्वयंपाक करते तिच्याशी बोल. मालकाशी नको, अक्काशी. इडली असते त्या दिवशी पहिला घाणा सव्वासातला निघतोच. डबा आदल्या रात्री तिच्याकडं देऊन ठेवलास तर चार इडल्या भरून ठेवते. मला एक अक्का दोन वर्षं देत होती, कधी नाही म्हणाली नाही.

अनगोळच्या काकू

पोरी, मी अनगोळात डबे करते. आमचे बहुतेक डबे शिकणाऱ्या पोरांकडंच जातात, म्हणून लिहिते. संध्याकाळी परत आलेले डबे मी स्वतः उघडून बघते, कामवाल्या बाईकडं तसेच देत नाही. कुणाचं काय उरलंय त्यावरून मला कुणाची परीक्षा आहे ते कळतं. परीक्षा जवळ आली की भात संपतो, लोणचं संपतं, बटाटा संपतो आणि उसळीचा पुडा जसाच्या तसा परत येतो. पोरांना विचारलं तर म्हणतात, काकू, चावायला वेळ नाही. आणि नेमकी तीच उसळ त्या दिवसांत पोटात जायला पाहिजे असते.

तुझ्या लिहिण्यात मला खाण्यापेक्षा वेळेचा घोळ जास्त दिसतो. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तुझ्या पोटात खरं म्हणजे काहीच नाही. मग एकला भूक भातावर पडते, दोनला झोप येते, पाचला मंचुरी. सकाळ भरली की पुढचं आपोआप हलकं होतं, हे मी डब्यांच्या पोरांत दर सेमला बघते.

आता तुझ्याजवळ काय आहे ते बघू. केटल आहे, आणि तुझं गाव जांबोटीकडं आहे. त्या बाजूला घरोघरी नाचणा असतो. आईला नाचण्याचे लाडू करून द्यायला सांग, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून. पंधरा दिवस टिकतात, फ्रिज लागत नाही. 100 ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढं दुधातही नसतं. सकाळी एक लाडू, दोन अंडी, केळं. हे बसमध्ये बसून होतं.

दुसरं, मोड. रविवार पेठेतून मटकी नाहीतर हिरवे मूग आण. सकाळी भिजत टाक, रात्री फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड दिसतात. मोड कच्चे खाऊ नकोस, पोट बिघडतं. डब्यात घेऊन वरून केटलचं उकळतं पाणी बुडेपर्यंत ओत, झाकण घट्ट लाव आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस. पाणी काढून टाक. कांदा, मीठ, घरची शेंगाचटणी आणि अर्धं लिंबू. हेच तुझं पाचचं खाणं. त्यावर मूठभर चिरमुरे घातलेस की मंचुरीची आठवण येत नाही, कारण तोंडाला पाहिजे असतं ते कुरकुरीत आणि तिखट, ते दोन्ही यात आहे.

दुपारच्या डब्याचं असं कर. आधी भाजी आणि सांबारातली डाळ खा, मग चपाती, भात शेवटी आणि अर्धाच. उरलेला तिथंच सोडून दे, वाईट वाटून घेऊ नकोस. पीजीवाले डाळ पातळ करतात, त्याला इलाज आपल्या हातात. घरून बेळगावी मसूर आण. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर येतो, दाणा बारीक, पण चवीला बाहेरचा कुठला मसूर त्याच्या जवळ येत नाही. पावशेर मसूर अक्काच्या हातात दिलास आणि आठवड्यातून दोनदा घट्ट आमटी करशील का म्हणून विचारलंस तर सगळ्या पोरींना मिळेल. मी तरी परीक्षेच्या दिवसांत उसळ वेगळी देणंच बंद केलंय. मसूर भातातच शिजवून देते. चावायला वेळ नाही म्हणणारेही तो डबा रिकामा पाठवतात.

प्रोटीनचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा धरलास तर किलोमागं 0.83 ग्रॅम. पन्नास किलोच्या मुलीला दिवसाला साधारण 42 ग्रॅम. दोन अंड्यांचं 12, मूठभर शेंगदाण्यांचं 7, मोडाच्या उसळीचं 7-8, कपभर दुधाचं 6, आणि चपाती-भाताचं 10-12. बसलं की नाही? पावडरचा डबा घेऊ नकोस, ते पैसे अंड्याला घाल.

रात्रीची मॅगी सुटत नसेल तर अर्धं पाकीट कर आणि त्यात एक अंडं फोडून घाल. पण ती बाराला नको, साडेदहाला खा.

निपाणीहून, लॅब टेक्निशियन

काकूंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी एकच गोष्ट जोडतो. जिना चढताना दम आणि केस गळणं हे दोन्ही एकत्र असेल तर आधी रक्त तपास. सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) कर, शक्य असेल तर सोबत फेरिटिनही, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. सीबीसी सरकारी दवाखान्यात होते. मुलींचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. आमच्याकडं कॉलेजच्या मुलींचे 9, साडेनऊचे रिपोर्ट येतात आणि त्या म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. ताण असेलही, पण त्याच्याआड ही गोष्ट राहून जाते. पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नकोस, रिपोर्ट दाखवून घे.

आणि चहा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतला तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यात एक तास जाऊ दे. उलट लिंबू, पेरू, आवळा यांनी लोह चांगलं शोषलं जातं, म्हणून काकूंनी उसळीवर लिंबू सांगितलंय ते सोडू नकोस. रात्रीचा चहा मात्र बंद कर. कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. बाराला घेतलास तर दोनला आडवी होशील, पण झोप नीट लागणार नाही, आणि वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेतच.

जांबोटीची पोर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सीबीसी केली, हिमोग्लोबिन 10.2 आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय. निपाणीवाले दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी इंटर्नल्स संपेपर्यंत थांबले असते.

अक्काशी बोलले. ती गोकाककडची, मराठी कळतं पण बोलत नाही, माझं कन्नड तोडकं. तरी डबा घेतला आणि आज सकाळी इडल्यांसोबत चटणीची वेगळी वाटी बांधून दिली. मोड बांधून ठेवलेत. रूममेट बघून म्हणाली, मला पण ठेव.

काकू, एकच विचारायचं राहिलं. सोमवारी माझा उपवास असतो. पीजीत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मिळते आणि दुपारनंतर मला अगदी गळाल्यासारखं होतं. उपवास सोडायचा नाही. काय करू?

अनगोळच्या काकू

सोडू नकोस की, कोण सांगतंय सोडायला. साबुदाण्यात पिठाशिवाय काही नाही, त्यातलं जे काही अंगाला लागतं ते शेंगदाण्याचं. म्हणून खिचडी कमी आणि वरून भाजलेले शेंगदाणे मूठभर जास्त घे. सकाळी दूध-केळं, दुपारी वाटीभर दही. आणि रताळी! बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात पिकतात, आपल्याकडून गाड्या भरून दिल्लीला जातात आणि आपल्या पोरी इथं बसून साबुदाणा खातात. बारीक रताळी घे, चकत्या कर, केटलमध्ये बुडतील एवढं पाणी घालून उकळ. केटल आपोआप बंद झाली की परत लाव, असं चार-पाच वेळा केलं की मऊ होतात. दुधात कुस्करून खा. गोळी उपवासालाही चुकवायची नाही, ती डॉक्टरांनी सांगितल्या वेळेलाच. केटल मात्र लगेच धू, नाहीतर दुसऱ्या दिवशी चहाला रताळ्याचा वास येतो.