विषय: अमेरिकेतील इंटरनॅशनल हाउस या विद्यार्थी-वसतिगृहांच्या गोव्यातील माजी रहिवाशांचा जानेवारीचा स्नेहमेळावा – मुक्काम कोठे करावा

कार्यवाह, पणजी

सप्रेम नमस्कार.

तारखांवर आता पुन्हा चर्चा नको. नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे पणजीत खोली मिळत नाही, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असते आणि नाताळापासून भाडी आवाक्याबाहेर जातात, म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा नक्की झाला. अडले आहे ते मुक्कामावर. फोंड्याच्या काकींनी देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या आवारातील यात्रेकरूंच्या निवासात, खोल्या मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. परंतु परदेशी पाहुण्यांची सोय तेथे होणार नाही, असे व्यवस्थापकांनी कळवले आहे. त्यांच्यापुरते पणजीत हॉटेल घ्यावे काय? ब्राझील आणि जपानचे मित्र तिकिटे काढायचे थांबले आहेत, तेव्हा मत त्वरित कळवावे.

फोंडा

मागच्या मेळाव्यात निम्मी वर्गणी हॉटेलच्या भाड्यातच गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. अग्रशाळेच्या खोल्या स्वच्छ आहेत, जिने चढावे लागत नाहीत आणि आपल्यातील बहुतेकांची वये पाहता ही लहान गोष्ट नव्हे. माघात जत्रा सुरू झाल्या की त्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, कुटुंबांनाही पुरत नाहीत. आता मिळत आहेत, कारण मी शब्द टाकला. देवस्थानाचा नियम मोडावा असे मी स्वतः महाजन असून कोणालाही सांगणार नाही. दिवसभर सगळे एकत्रच असणार आहेत. केवळ रात्री झोपायला वेगळे गेले, तर त्याने काय बिघडते?

म्हापसे

मुक्कामाआधी एक मुद्दा. निमंत्रणाच्या मसुद्यात केवळ बर्कलीच्या इंटरनॅशनल हाउसचा उल्लेख आहे. न्यूयॉर्कचे हाउस 1924 मध्ये उघडले, बर्कलीचे 1930 मध्ये आणि शिकागोचे 1932 मध्ये. तिन्ही हॅरी एडमंड्स यांच्या विचारातून आणि धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून उभी राहिली. 1909 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्यांवर एडमंड्स एका चिनी विद्यार्थ्याला सहज सुप्रभात म्हणाले, तेव्हा तीन आठवड्यांत आपल्याशी बोलणारे तुम्हीच पहिले, असे तो म्हणाला, आणि सारे तेथून सुरू झाले. आम्ही न्यूयॉर्कचे रहिवासी या मंडळात पाहुणे म्हणून येत नाही, तेव्हा मसुदा दुरुस्त व्हावा.

राहता राहिला मुक्काम. माझ्या घराचा वरचा मजला मोकळा आहे आणि मोपा विमानतळ आम्हाला जवळ पडतो. दोघातिघांना मी आनंदाने ठेवून घेईन.

पर्वरी

काकींच्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते, कारण रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न हाच आपल्या हाउसचा मूळ प्रश्न होता.

बर्कलीत पीडमाँट अव्हेन्यूची जागा एडमंड्स यांनी मुद्दाम निवडली. त्या रस्त्यावर अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संघांची निवासस्थाने होती आणि तेथे परदेशी किंवा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा नव्हती. गावातही अनेक घरमालक त्यांना खोली देत नसत. सर्व वंशांची आणि देशांची मुले-मुली एका इमारतीत राहणार, हे समजल्यावर स्थानिक मालमत्ताधारकांनी सभा भरवून विरोध केला आणि त्या संतप्त सभेत डेलिला बीझ्ली या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने उभे राहून हाउसची बाजू मांडली. वर्गात एकत्र बसण्यास विरोध करणारे तेव्हाही थोडेच होते. खरा विरोध एका छताखाली झोपण्याला आणि सकाळी एका मेजावर न्याहारी करण्याला होता, आणि हाउसने नेमका तोच आग्रह धरला.

देवस्थानाला आपले नियम ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु आपण त्या हाउसच्या नावाने जमणार असू आणि संध्याकाळी भारतीयांची गाडी एकीकडे व परदेशीयांची दुसरीकडे वळणार असेल, तर ती विभागणी आपली असेल, देवस्थानाची नव्हे. मला ती मान्य नाही. वर्गणी वाढवावी, दिवस एक कमी करावा, पण सर्वांनी एकत्र राहावे.

दोना पावला

पर्वरीच्या पत्राला जोडून. माझी तेथील एकही मैत्री व्याख्यानात किंवा समारंभात झालेली नाही. जेवणघर बंद झाल्यावर जिन्यात बसून जे बोलणे होई, त्यातून ती झाली. लाहोरच्या एका मुलीशी मी पहिले सत्र केवळ नमस्कारापुरती बोलत असे. एका रात्री तिला घरून तार आली, वडील गेले होते, आणि उजाडेपर्यंत आम्ही मजल्यावरच्या साऱ्या जणी तिच्याजवळ होतो. वेगळ्या इमारतीत राहत असते, तर मला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळले असते. अजूनही दर ईदेला तिचे पत्र येते.

मडगाव

म्हापशाच्या भाऊंनी घर देऊ केले, त्याबद्दल आभार; मात्र परदेशी पासपोर्टधारक मुक्कामाला आला की त्याची नोंद 24 तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते आणि ही जबाबदारी हॉटेलाप्रमाणेच घरमालकावरही असते. त्यासाठी आधी यजमान म्हणून नोंदणी करून ठेवावी लागते. हॉटेले हे काम रोजच करतात, म्हणून ते त्यांच्याकडेच असलेले बरे. फोंडा परिसरात एखादे लहान हॉटेल पूर्ण घेतले, तर खोलीमागे सवलत मागता येईल. तळमजल्यावरच्या खोल्या ज्येष्ठांना राखून ठेवाव्यात, म्हणजे काकींची जिन्याची अडचणही सुटेल. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावे, मडगावपर्यंत येऊ नये.

फोंडा

पर्वरीचे पत्र मी दोनदा वाचले. अग्रशाळेच्या खोल्यांचा आग्रह मी सोडते. मात्र हॉटेल फोंडा तालुक्यातलेच हवे आणि पहिल्या दिवसाचे दुपारचे जेवण माझ्या अंगणात, शिवराक म्हणजे शाकाहारी, केळीच्या पानावर होईल: खतखते, मुगागाठी, सोलकढी. जपानच्या पाहुण्यांसकट सर्वांची पंगत एकच बसेल. त्या जेवणाचा खर्च मंडळाने द्यायचा नाही आणि त्यात बदलही सुचवायचे नाहीत.

कार्यवाह, पणजी

तर सर्वांचा मुक्काम फोंडा तालुक्यात एकाच हॉटेलात राहील. दरांची चौकशी मडगावने करावी. निमंत्रणात न्यूयॉर्क, बर्कली आणि शिकागो ही तिन्ही नावे स्थापनेच्या क्रमाने येतील. परदेशी मित्रांना मी आज रात्रीच कळवतो. तळमजल्याची खोली ज्यांना हवी असेल, त्यांनी शुक्रवारपर्यंत मला लिहावे. वर्गणीतील वाढीचा आकडा दर कळल्यावर याच विषयाखाली पाठवीन.