मदत हवी आहे : दोन बोजे असलेला फ्लॅट विकताना रक्कम आधी की ना हरकत आधी?

नाशिकमधील आमच्या फ्लॅटवर बँकेचे 31 लाखांचे गृहकर्ज आणि त्यामागून एका पतसंस्थेचे 14 लाखांचे तारणकर्ज बाकी आहे. 62 लाखांना खरेदीदार मिळाला असून त्यालाही कर्ज काढूनच घ्यायचे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 48 नुसार आधीच्या गहाणाला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे पहिला धनादेश आमच्या बँकेच्या नावे निघेल, हे सर्वांना मान्य आहे.

घोडे अडले आहे ते पतसंस्थेपाशी. पूर्ण रक्कम हाती पडल्याशिवाय ती ना हरकत पत्र देत नाही आणि ते पत्र पाहिल्याशिवाय खरेदीदाराची बँक रक्कम सोडत नाही. कर्जफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत देण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन बँकांवर आहे, परंतु पतसंस्था त्या कक्षेत येत नाही. (मूळ खरेदीखत बँकेकडे आहे, पतसंस्थेकडे केवळ नोंदणीकृत गहाणखत.)

दुय्यम निबंधक कार्यालयातच दोन्ही धनादेश, गहाणमुक्तीचा दस्त आणि खरेदीखत एकाच दिवशी उरकण्याचा अनुभव कोणास आहे काय? त्रिपक्षीय करारात पतसंस्थेस चौथा पक्ष म्हणून घेता येते का, आणि इसाऱ्याच्या रकमेतून तिचे कर्ज आधी फेडणे खरेदीदाराच्या दृष्टीने कितपत सुरक्षित ठरेल?