दुखापतींची यादी की राखीव फळी? एएफएलमधील पराभवांचा हिशेब

यारातीर (मेलबर्न)

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल स्पर्धेत प्रत्येक क्लबच्या जायबंदी खेळाडूंची यादी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. कोणाला काय झाले आहे आणि तो किती आठवड्यांनी परतेल, एवढेच तीत असते. संघ हरू लागला की समर्थक हीच यादी पुढे करतात. ती पराभवाचे कारण म्हणून फार स्वस्तात वापरली जाते, असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर प्रत्येक बाजूचे १८ जण खेळतात आणि बाकावरचे खेळाडू सतत आत-बाहेर होत राहतात. अंगावर येणारी धडक कोणत्याही दिशेने येऊ शकते, उंच उडी मारून चेंडू झेलावा लागतो आणि धावणे तर अखंड चालूच असते. त्यामुळे दुखापत हा या खेळातला अपघात नसून नित्याचा खर्च आहे. ज्या क्लबने तो खर्च गृहीत धरला नाही, त्याने नंतर नशिबाला बोल लावू नये.

२०१९ चा रिचमंड पाहा. पहिल्याच सामन्यात ॲलेक्स रान्स या बचावफळीच्या आधारस्तंभाच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. पुढे जॅक रीवोल्ट आणि कर्णधार ट्रेंट कॉचिन हेही काही आठवडे बाहेर होते. मोसमाच्या मध्यावर सलग तीन पराभव झाले, तेव्हा रिचमंडचे ७ विजय आणि ६ पराभव होते. त्यानंतर हा संघ एकही सामना हरला नाही. डिलन ग्राइम्सने बचावाची सूत्रे हाती घेतली आणि नवी मुले मुख्य संघात रुळली. प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, जॅक ग्रॅहमचा खांदा दुखावला, तेव्हा त्याच्या जागी त्याच वर्षीच्या मध्य-मोसम ड्राफ्टमधून (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून) घेतलेला मार्लियन पिकेट हा २७ वर्षांचा खेळाडू थेट ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, पदार्पण करता झाला. १९५२ नंतर असे प्रथमच घडले. रिचमंडने तो सामना ८९ गुणांनी जिंकला. त्याच वर्षी क्लबच्या राखीव संघाने व्हीएफएल या व्हिक्टोरिया राज्यातल्या लीगचे विजेतेपदही मिळवले होते, म्हणजे पिकेट आकाशातून पडला नव्हता.

२०२४ च्या ब्रिस्बेनची कथाही फार वेगळी नाही. गुडघ्याच्या गंभीर दुखापतींनी त्यांचे अनेक खेळाडू वर्षभरासाठी गमावले होते, आणि प्रिलिमिनरी फायनलमध्ये रकमॅन (खेळ सुरू होताना उंच उडी मारून चेंडू आपल्या बाजूला वळवणारा खेळाडू) ऑस्कर मॅकइनर्नीचा खांदा निखळला. ग्रँड फायनलला डार्सी फोर्ट हा एरवी बहुतेक वेळ राखीव संघात असणारा उंच खेळाडू उभा राहिला, आणि गुणतक्त्यात पाचव्या आलेल्या ब्रिस्बेनने सिडनीला ६० गुणांनी हरवले.

किती खेळाडू जायबंदी झाले, हा प्रश्न दुय्यम आहे. तेविसावा ते तिसावा खेळाडू कोण आहे, हा खरा प्रश्न आहे.

पर्थकर

आपण दोन विजेते निवडले आणि त्यांच्यावरून नियम काढला, हे मला पटत नाही. मी पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबचा समर्थक आहे, तेव्हा माझा पक्षपात आधीच मान्य करतो. परंतु २०२३ चा मोसम ज्याने पर्थमध्ये राहून पाहिला, त्याला ‘तिसावा खेळाडू कोण’ हा प्रश्न क्रूर वाटेल. त्या वर्षी अशी वेळ आली की तंदुरुस्त खेळाडूंमधून सामन्यापुरता संघ भरणेच मुश्किल झाले होते. पस्तिसावा खेळाडूसुद्धा खेळला. जूनमध्ये सिडनीत आम्ही १७१ गुणांनी हरलो, आणि मोसमाअखेरीस खात्यावर ३ विजय आणि २० पराभव होते. मुख्य संघाने उचललेल्या खेळाडूंमुळे डब्ल्यूएएफएल या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लीगमधला आमचा राखीव संघही खिळखिळा झाला, म्हणजे ज्या ठिकाणी पुढची फळी तयार व्हायची, तेच ठिकाण ओस पडले.

आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? क्लबकडे एकूण खेळाडू चाळिशीच्या आसपास असतात. त्यांपैकी पाच-सहा जण नुकतेच शाळेतून आलेले असतात आणि त्यांच्या शरीराला प्रौढांच्या धडका सोसायला दोन-तीन वर्षे जावी लागतात. सहा जण जायबंदी झाले तर चांगली राखीव फळी उपयोगी पडते. पंधरा जण झाले तर कोणत्याही क्लबची पडणार नाही. या दोन परिस्थितींना एकच माप लावणे अन्यायाचे आहे.

आकडेमोडे

पर्थकरांशी सहमत आहे, मात्र माझा आक्षेप पद्धतीवर आहे. दुखापती होऊनही जिंकलेले संघ आपल्या लक्षात राहतात, कारण त्यांच्या कथा सांगितल्या जातात. दुखापतींमुळे आठव्याऐवजी अकराव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाची कथा कोणी सांगत नाही. अशा निवडक स्मरणातून काढलेला निष्कर्ष डळमळीतच असणार.

खेळाडू नसण्याचा परिणाम स्वच्छपणे तपासायचा असेल, तर त्याचे जवळजवळ प्रयोगासारखे उदाहरण उपलब्ध आहे, आणि ते दुखापतीचे नाही. २०१६ च्या आरंभी एसेंडनच्या जुन्या पूरक-औषध प्रकरणात ३४ आजी-माजी खेळाडूंवर वर्षभराची बंदी आली. त्यांपैकी १२ जण त्या वेळी एसेंडनमध्येच होते. क्लबला दहा बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्यांत निवृत्तीतून परतलेला जेम्स केली होता आणि इतर क्लबांनी सोडलेलेही होते. निकाल असा की २२ पैकी ३ विजय आणि तळाचे स्थान. पुढच्या वर्षी बंदी संपली, खेळाडू परतले आणि तोच क्लब बाद फेरीत पोहोचला. क्लबचा आराखडा, मैदान, समर्थक यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो त्या १२ माणसांचा. म्हणून अनुपस्थितीचे वजन कमी लेखू नये, असे मी म्हणतो.

यारातीर

एसेंडनचे उदाहरण उत्तम आहे, परंतु ते माझ्याच बाजूचे आहे. बाहेरून गोळा केलेले दहा जण आणि आत वाढलेले दहा जण यांत किती अंतर असते, हेच त्यातून दिसते. शिवाय त्याच वर्षी झॅक मेरेट या तरुण मिडफिल्डरने क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवला. जागा रिकामी झाली नसती, तर त्याच्यावर इतकी जबाबदारी इतक्या लवकर पडली असती का, याविषयी मला शंका आहे.

पर्थकर, आपल्याच क्लबचे २०१८ आठवा. जुलैमध्ये निक नैतनुईचा गुडघा गेला, अँड्र्यू गॅफवर दीर्घ बंदी आली, ब्रॅड शेपर्डची हॅमस्ट्रिंग बाद फेरीत ताणली गेली. तरीही ग्रँड फायनलमध्ये स्कॉट लायसेट आणि नेथन वार्डी या दोन रकमॅनने नैतनुईची जागा भरली आणि आपण कॉलिंगवूडला ५ गुणांनी हरवले. मग २०१९ च्या अखेरीस टिम केलीला जिलॉन्गहून आणण्यासाठी क्लबने ड्राफ्टमधले वरचे क्रमांक, म्हणजे आधी निवड करण्याचे हक्क, देऊन टाकले. २०२३ मध्ये जी विशी-बाविशीतली मुले मैदानावर असायला हवी होती, ती यायची त्या वाटेवरच तो व्यवहार झाला होता.

पर्थकर

लायसेटचे नाव आपण काढले ते बरे झाले. विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच तो फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपल्याने क्लब निवडायला मोकळा होऊन, पोर्ट ॲडलेडला गेला. चांगला खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर किती वर्षे बसेल? वेतनमर्यादा सर्व क्लबांना सारखी आहे, तेव्हा राखीव खेळाडूला मुख्य खेळाडूचा पगार देता येत नाही. आणि ज्याला दुसरीकडे पहिली जागा मिळते, तो जातो. राखीव फळीचे बांधकाम करा, असे आपण सांगता, पण ती टिकू नये अशीच स्पर्धेची रचना आहे. २०१८ साली ती आमच्याकडे होती, कारण त्या वर्षी होती. त्यामागे दूरदृष्टी किती आणि योग किती, हे आपण ठरवू शकत नाही.

केलीच्या व्यवहाराविषयी बोलायचे, तर नुकताच विजेता ठरलेला संघ आणखी एका विजेतेपदासाठी जोर लावतो, यात गैर काय? पराभवानंतर जुन्या निर्णयांत बीज शोधणे सोपे असते.

कोथरूडहून

मी एएफएल अधूनमधूनच पाहतो, त्यामुळे चूकभूल द्यावीघ्यावी. परंतु ब्रिस्बेन लायन्सचे घरचे मैदान म्हणजे गाबा, आणि त्याच गाबावर १९ जानेवारी २०२१ रोजी काय घडले, हे इथे कोणाला सांगायला नको. बुमराह, अश्विन, जडेजा, शमी, उमेश, विहारी यांच्याविना अजिंक्य रहाणेच्या संघाने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. पहिल्या डावात पालघरच्या शार्दुल ठाकूरने आणि पदार्पण करणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या नसत्या, तर शेवटच्या दिवसाला काही अर्थच उरला नसता. ठाकूरची ती दुसरीच कसोटी होती आणि पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला होता. देशांतर्गत क्रिकेट सशक्त असेल, तर तिसरी फळीही उभी राहते. यारातीर यांचा मुद्दा मला त्यामुळे पटतो.

आकडेमोडे

गाबाच्या आठवणीने ऊर भरून येतो, पण तुलना टिकत नाही. भारताच्या मागे संपूर्ण रणजी करंडक होता, आणि विलगीकरणाच्या नियमांमुळे नेटमध्ये गोलंदाजी करणाऱ्यांसह मोठा ताफा दौऱ्यावरच होता. एएफएलच्या क्लबला मोसम सुरू असताना दुसऱ्या क्लबकडून खेळाडू विकत घेता येत नाही. २०१९ पासून मध्य-मोसम ड्राफ्टची खिडकी उघडली आहे, पण तीही यादीत जागा रिकामी असेल तरच. पिकेट त्या खिडकीतून आला हे खरे आहे. तिच्यातून आलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ग्रँड फायनल येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

जिलॉन्गची फिजिओ

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत आहेत: आधी दुखापत होते आणि मग राखीव फळीची कसोटी लागते. या व्यवसायात काम करताना मला हा क्रम अनेकदा उलटा दिसतो.

या खेळात मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची दुखापत सर्वाधिक आढळते, आणि ती पुन्हा होण्याचा सर्वांत मोठा धोका पूर्वी ती झालेली असण्यातच असतो. स्नायू पूर्ण वेगाच्या धावेला तयार आहे की नाही, हे ठरवताना शेवटचा आठवडा मोलाचा असतो. बाकावर विश्वासाचा पर्याय असेल, तर प्रशिक्षक तो आठवडा सहज देतात. पर्याय नसेल, तर खेळाडू स्वतःच ‘मी ठीक आहे’ म्हणतो, प्रशिक्षकाला ते ऐकायचेच असते, आणि तो महत्त्वाचा आठवडा कापला जातो. मग तोच खेळाडू सहा आठवड्यांसाठी बाहेर जातो. त्याच्या वाट्याचे धावणे दुसऱ्या कोणावर पडते आणि त्याचाही स्नायू थकतो. दुबळ्या फळीच्या संघात दुखापती गठ्ठ्याने येतात, त्यात नशिबाचा भाग असला तरी सगळा नशिबाचा नसतो.

जिलॉन्गने २०२२ मध्ये अनुभवी खेळाडूंना मोसमभर आलटून-पालटून विश्रांती दिली. त्या वर्षी त्यांनी शेवटचे १६ सामने सलग जिंकले आणि ग्रँड फायनल ८१ गुणांनी घेतली. तिथेही दुखापत टळली नाही. तरुण मॅक्स होम्सची हॅमस्ट्रिंग प्रिलिमिनरी फायनलमध्ये दुखावली आणि ग्रँड फायनल त्याच्या हातून निसटली. मात्र मार्क ओ’कॉनर संघात आला आणि संघाच्या रचनेला धक्का लागला नाही.

मेंदूच्या आघाताचा नियमही विसरू नये. २०२१ पासून अशा खेळाडूला किमान १२ दिवस सामन्यापासून दूर राहावे लागते, म्हणजे एक सामना बहुधा जातोच. तो नियम योग्यच आहे, आणि त्यामुळे पर्यायी खेळाडूची गरज दर मोसमात पडणार, हे आता निश्चित धरावे लागते.

आकडेमोडे

आपला मुद्दा या धाग्यातला सर्वांत विचार करण्याजोगा आहे, पण त्यातच माझी शंकाही आहे. विश्रांती देणे त्यांनाच परवडते, जे आधीच जिंकत असतात. बाद फेरीसाठी प्रत्येक गुणाची गरज असलेला संघ मुख्य खेळाडूला घरी बसवणार नाही. म्हणजे जिलॉन्ग विश्रांती दिली म्हणून जिंकले, की जिंकत होते म्हणून विश्रांती देऊ शकले?

जिलॉन्गची फिजिओ

दोन्ही. सुरुवात कुठून झाली, हे मलाही वेगळे काढता येणार नाही. एवढे सांगते की २०१६ च्या वेस्टर्न बुलडॉग्जना विश्रांती परवडत नव्हती. कर्णधार बॉब मर्फीचा गुडघा तिसऱ्याच सामन्यात गेला होता, पुढे मिच वॉलिसचा पाय मोडला, आणि संघ सातव्या क्रमांकावर आला. त्या वर्षी बाद फेरीपूर्वी प्रथमच एक आठवडा सुटीचा ठेवला गेला, आणि त्यामुळे टॉम लिबराटोरे, जॅक मॅक्रे यांच्यासारखे खेळाडू पर्थमधल्या पहिल्या बाद सामन्याला उभे राहू शकले. तिथून त्यांनी चारही सामने जिंकले आणि १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. वेळापत्रकातला एक रिकामा आठवडा किती कामाचा ठरला, ते पाहा.

पर्थकर

आणि तो सामना बुलडॉग्जनी आमच्याविरुद्धच जिंकला, हे सांगायचे आपण सौजन्याने टाळलेत!

पण माझा मुद्दा यातूनच पुढे जातो. सुटीचा आठवडा बुलडॉग्जनी ठरवला नव्हता, लीगने ठरवला होता. तो नसता, तर त्यांची दुखापतींची यादी त्यांना पर्थमध्येच घेऊन बुडाली असती आणि आज यारातीर त्यांना खर्च गृहीत न धरलेल्या क्लबांच्या रांगेत बसवत असते.

यारातीर

बसवले नसते, कारण त्यांची ती जिद्द त्याआधीच्या महिन्यांतही दिसली होती. मात्र एक अट मान्य करतो: पंधरा खेळाडू एकाच वेळी बाहेर असतील, तर माझा युक्तिवाद तिथे लागू होत नाही. पाच-सहा असतील तेव्हाच तो लावा. दर वर्षी बहुतेक क्लब याच पट्ट्यात असतात, आणि याच पट्ट्यातले समर्थक यादी सर्वांत मोठ्या आवाजात वाचून दाखवतात.

पर्थकर

पाच-सहा कोण, हेही विचारा. दोन्ही रकमॅन आणि मुख्य बचावपटू एकदम गेले, तर तिघेच पुरेसे आहेत. उंच खेळाडू तयार व्हायला सर्वाधिक वर्षे लागतात आणि चाळीस जणांच्या यादीत तसे फार नसतात. २०२३ च्या तळाच्या स्थानामुळे आम्हाला ड्राफ्टमधला पहिला क्रमांक आणि हार्ले रीड मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो मिडफिल्डर आहे. रकमॅनची आमची अडचण त्याने सुटत नाही.