मदत हवी आहे: बाबांचा अंगठा घेतलेल्या वटमुखत्यारपत्राबद्दल

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा बेळगावात दवाखान्यात आहेत, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. मागच्या आठवड्यात दादाने वटमुखत्यारपत्रावर (बाबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) त्यांचा अंगठा घेतला. जन्मभर सही करणारा माणूस! शाई अजून नखात आहे. कागद सगळा कानडीत. बाबांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. त्याच दिवशी ते मला विचारत होते, "आई जेवली काय गं?" आजीला जाऊन वीस वर्षं झाली.

देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. पण बाबा असेपर्यंत त्यावर शेत विकलं तर?

दादा म्हणतो, बिलासाठी केलं. खरंही असेल, रात्रंदिवस तोच उशाशी असतो. पण मला आणि ताईला एका शब्दाने विचारलं नाही, ते फार लागलंय.

सब-रजिस्ट्रारकडे लेखी हरकत चालते का, की दिवाणी कोर्टातून मनाई हुकूमच आणावा लागतो? बाबा त्या दिवशी भानावर नव्हते, असा दाखला डॉक्टरांकडे कसा मागायचा? कानडी कागद मराठीत नीट समजावणारे वकील बेळगावात कुणाच्या माहितीत आहेत का? लवकर सांगा, दिवस थोडे आहेत.