मदत हवी आहे : काम्यूच्या 'अ‍ॅब्सर्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा, एमएला तत्त्वज्ञान घेतलंय आणि सध्या अल्बेर काम्यू या फ्रेंच लेखक-विचारवंतावर मराठीत निबंध लिहितोय. सगळं अडलंय एका शब्दापाशी, अ‍ॅब्सर्ड.

सर म्हणाले 'निरर्थक' लिही आणि पुढे जा. पण ते काही केल्या पटत नाहीये, कारण १९४२ च्या 'द मिथ ऑफ सिसिफस'मध्ये काम्यू म्हणतो की नुसतं जग अ‍ॅब्सर्ड नाही आणि एकटा माणूसही नाही, माणूस अर्थ मागतोय आणि जग गप्प बसलंय, हे दोघं समोरासमोर आले की ते तयार होतं. दोघांतलं एक काढा, संपलं. 'निरर्थक' म्हटलं की सगळं खापर जगाच्या माथी.

बाकीचेही लावून पाहिले. 'असंबद्ध' म्हटलं की तापात बरळणारा माणूस आठवतो. 'हास्यास्पद'मध्ये टिंगल आहे, ग्रीक पुराणातल्या, गडगडत खाली येणारा दगड परत परत डोंगरावर ढकलणाऱ्या सिसिफसला हसायचं कसं? 'अतर्क्य' तर आपल्याकडे देवाच्या लीलेला म्हणतात. 'वदतोव्याघात' कुणीकुणी कुठल्याही फालतू विधानाला चिकटवतात पण तो फक्त स्वतःचंच बोलणं स्वतः खोडण्याला आहे, 'माझी आई वांझ होती' हे त्याचं जुनं उदाहरण, तेव्हा तो तर्कशास्त्रातच बरा.

माझा कल 'विसंगती'कडे आहे. लॅटिनमध्ये अ‍ॅब्सर्डसचा मूळ अर्थच बेसूर, आणि विसंगती व्हायला दोन गोष्टी लागतात, ते काम्यूला बरोबर बसतं. पण खटकतं असं की हिशोबात विसंगती सापडली की ऑडिटवाले ती दुरुस्त करायला लावतात, काम्यूची तर कधी दुरुस्तच होत नाही, तिच्यासकट जगायचं असतं. म्हणजे शब्द जवळचा आहे पण जरा हलका पडतो.

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. काकांनी भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवलाय, पुढची खोली पार आढ्यापर्यंत भरलेली, माणसं ओट्यावर झोपताय, पोरांच्या अंगाला नुसती खाज, आणि भाव जागचा हलत नाही. आजी म्हणे, 'कशाले कशाना मेळ नही'. मला वाटलं हेच तर पाहिजे होतं! मागणं एकीकडे, मिळणं एकीकडे, आणि माणूस मधे.

तर 'बेमेळ' चालेल का? 'जगण्यातला बेमेळ' असं वाचलं तर तुम्हाला काय वाटतं, की ते लग्नाच्या जोड्यासारखं वाटेल? अहिराणी किंवा लेवा बोलीत याला आणखी नेमका शब्द असेल तर प्लीज सांगा, वाक्यासकट. ज्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था सुरू केली तिथे बसून नुसतं 'अ‍ॅब्सर्ड' लिहून मोकळं व्हायचं माझ्या जिवावर येतंय.

अपडेट : खाली एका ताईंनी 'विसंवाद' सुचवलाय, आभार. सुराचा अर्थ त्यात छान येतो, पण पेपरात 'दोन नेत्यांत विसंवाद' वाचून वाचून तो भांडणाचा शब्द झालाय असं मला वाटतं. काम्यूचं जग भांडतसुद्धा नाही, ते उत्तरच देत नाही. ते गप्प राहणं ज्यात येईल असा शब्द कुणाला सुचतोय का?